खुले प्रेक्षागृह : लंडनचे ग्लोब आणि कोल्हापूरचे खासबाग

प्रस्तावना :
महाविद्यालयीन अभ्यासक्रमात शेक्सपिअरची नाटके शिकविली जातात. परंतु ती ज्या वास्तूत सादर झाली तिचा विचार अभावानेच होतो. खुल्या प्रेक्षागृहाची कल्पना समजून घेण्यास उपयुक्त ठरेल असे स्थळ महाराष्ट्रातही, कोल्हापुरात आहे. प्रस्तुत लेखात या दोहोंचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

ग्लोबची रचना :
जेम्स बर्बेज याने १५७६ साली लंडनमध्ये 'द थिएटर' हे नाट्यगृह उभारले. त्याच्याच लाकूडसामानातून १५९९ मध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर 'ग्लोब' उभे राहिले. बहुकोनी वास्तूत तीन मजली सज्जे, मध्यभागी उघडे अंगण आणि त्या अंगणात पुढे आलेला रंगमंच अशी ही रचना होती. एक पेनी देणारा प्रेक्षक अंगणात उभा राही. प्रयोग दुपारी होत. नट व प्रेक्षक एकाच उजेडात असल्याने स्वगत हे समोरच्या लोकांशी साधलेला संवाद ठरे. रात्रीचा अंधार मात्र शब्दांतूनच उभा करावा लागे.

कोल्हापूरचे संकुल :
राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधील कलोझियम पाहिले. त्या प्रेरणेतून १९१२ मध्ये खासबाग कुस्ती मैदान साकारले. मध्यभागी तांबड्या मातीचा गोल हौदा आणि सभोवती चढत जाणारी बैठक असल्याने मागच्या प्रेक्षकालाही कुस्ती स्पष्ट दिसते. लगतच १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधले गेले. हेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले जाऊ लागले. नाट्यगृह बंदिस्त असले तरी त्याच्या पाठीशी, मैदानाच्या बाजूस, खुला रंगमंचही होता. मल्लविद्या व नाट्यकला यांना एकाच आवारात स्थान मिळाले, हे या संकुलाचे वैशिष्ट्य होय.

अग्नी आणि पुनर्बांधणी :
२९ जून १६१३ रोजी प्रयोगात उडविलेल्या तोफेच्या ठिणगीने ग्लोबचे गवती छप्पर पेटले व वास्तू भस्मसात झाली. १६१४ मध्ये ती त्याच पायावर पुन्हा उभी राहिली. छप्पर मात्र कौलारू झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, कोल्हापूरचे नाट्यगृहही आगीत सापडले. त्यानंतर त्याच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.

समारोप :
ग्लोबच्या पुनर्बांधणीत साहित्य बदलले, पण प्रेक्षक आणि रंगमंच यांचे नाते बदलले नाही. कोल्हापुरातही केवळ भिंती व छप्पर पूर्ववत होणे पुरेसे नाही. नाट्यगृह व मैदान यांची सलगता टिकली, तरच शाहू महाराजांची मूळ कल्पना टिकली असे म्हणता येईल.