घरांतील हवेंत औषधाचा अंश

सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन २० हून अधिक जण दगावले, हें वाचकांस विदित आहेच. परंतु औषधाचे डबे ज्या राहत्या घरांत ठेवितात, तेथील हवेचा विचार क्वचितच होतो. बंद खोलींत ऊनवाऱ्याअभावीं विष सावकाश विरतें. वास येत नाहीं म्हणून हवा शुद्ध, असें मानूं नये.

तपासनीस लहान पंपानें मिनिटास २ लिटर हवा कृत्रिम राळ भरलेल्या नळींतून ओढितो. ८ तासांत ९६० लिटर होते. राळेंत अडकलेलें विष द्रावकांत उतरवून यंत्रानें ग्रॅमच्या दशलक्षांशांत मोजितात. ही सोय गांवोगांव नाहीं; म्हणून डबे राहत्या घराबाहेर कुलपांत ठेवावे, अशी आमची शेतकरी बंधूंस आग्रहाची विनंती आहे.