चौथा प्रश्न

परदेशी शिकून आलेल्या मुलाला आपल्याकडे तीन प्रश्न हटकून विचारले जातात. थंडी किती होती? जेवणाचे हाल झाले का? आणि आता पगार किती मिळेल? २०२३ सालच्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेखाली मी दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोल येथे, एक सत्र शिकून आलो, तेव्हा हे तिन्ही प्रश्न मलाही विचारून झाले. माझ्या वडिलांनी मात्र चौथाच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर द्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, म्हणून तो शेवटी घेतो.

आधी मी कुठला ते सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातल्या वाचकाला सुरत म्हटले की शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. आम्हा लिंबायतकरांना सुरत म्हणजे भाकरी. खानदेशातून तापीच्या काठाकाठाने खाली उतरून इथल्या यंत्रमागांवर कामाला लागलेल्या असंख्य कुटुंबांपैकी आमचे एक. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि कामावर हिंदी असा आमचा संसार. सुरतेची महानगरपालिका आपल्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालवते. त्यांतल्या मराठी शाळेत मी शिकलो. तेव्हा परभाषेच्या गावात राहण्याची सवय मला सोलला जाण्यापूर्वीच होती.

वडील माग चालवतात. सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला ‘खाते’ म्हणतात. त्यांच्या खात्यातली पाळी बारा तासांची. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, आणि मजुरी कापडाच्या मीटरवर. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ते घरीही मोठ्याने बोलतात.

आता पहिला प्रश्न. डिसेंबरात सोलचा पारा शून्याच्या खाली दहा अंशांवर गेला, तरी खोलीत मी अनवाणी फिरत असे. कोरियन घरात जमीनच तापवलेली असते. या पद्धतीला ‘ओंदोल’ म्हणतात. पूर्वी स्वयंपाकघरातल्या चुलीची ऊब फरशीखालच्या नळांतून खोलीभर फिरवीत. आता त्या जागी गरम पाण्याच्या नळ्या आल्या आहेत. जमीनच उबदार, म्हणून जमिनीवर बसून जेवायचे आणि जमिनीवर अंथरूण घालायचे. चपला दाराशी काढायच्या, हे तर कोणी शिकवावेच लागले नाही.

जेवणाचे म्हणाल, तर ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ अशी म्हण ज्या गावाची, तिथल्या माणसाला परमुलखात जेवण रुचणे कठीणच. त्यातून मी शाकाहारी. किमची म्हणजे कोबीचे तिखट, आंबवलेले लोणचे. तेही खाताना विचारावे लागे, कारण त्यात बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो. पण भात रोजचा, तिखटाला तोटा नाही, आणि भाजीच्या लहान लहान वाट्या मागाल तितक्या वेळा भरून मिळतात. नोव्हेंबराच्या अखेरीस घरोघरी बायका जमून हिवाळ्याची किमची घालतात. त्याला ‘किमजांग’ म्हणतात, आणि युनेस्कोने २०१३ साली हा प्रघात मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतला. ती गर्दी, ते हातभर लाल झालेले मसाले आणि ती बडबड पाहून मला आमच्या गल्लीतले उन्हाळ्यातले पापड-कुरडयांचे वाळवण आठवले. त्याची नोंद अजून कोणी घेतलेली नाही, एवढाच फरक.

तिथे सर्वांत लवकर अंगवळणी पडली ती बोलण्याची रीत. ओळख झाली की आधी वय विचारतात, कारण त्यावाचून क्रियापद कोणते वापरावे ते कळत नाही. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्याही पुढच्या पायऱ्या त्यांच्या भाषेत आहेत. वडील माणसाला नावाने हाक मारीत नाहीत. वसतिगृहातला माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा मुलगा माझा ‘ह्यॉन्ग’ झाला, म्हणजे दादा. वस्तू देताघेता दोन्ही हात पुढे करायचे. भेटल्यावर ‘जेवलास का?’ असे विचारायचे. आणि खानावळीत वाढणाऱ्या बाईंना हाक मारायची ती ‘इमो’, म्हणजे चक्क मावशी! हे कळले त्या दिवशी माझे परकेपण निम्मे सरले.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला आली, आणि त्याच दिवसापासून तिथे ‘छुसॉक’ची सुट्टी लागली. छुसॉक हा सुगीचा आणि पितरांचा सण. पौर्णिमेला पूर्वजांपुढे नव्या तांदळाचे पदार्थ ठेवतात आणि त्यांच्या थडग्यांवरचे गवत काढतात. आपला पितृपक्षही त्याच पौर्णिमेच्या पाठोपाठ लागतो. सारे सोल गावोगाव निघून गेले होते. इकडे सुरतेत गणपतीची मिरवणूक चालली होती, आणि मी रिकाम्या वसतिगृहात बसून ती दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिली.

सुट्टीनंतर एका रविवारी ह्यॉन्गने मला दोंगदेमुनला नेले. ‘मोठा पूर्व दरवाजा’ असा त्या नावाचा अर्थ. तिथे कापडाचा आणि तयार कपड्यांचा मोठा बाजार आहे. पाठीवर तागे घेऊन धावणारे हमाल, नमुन्यांचे तुकडे लटकवलेली हातभर रुंदीची दुकाने, रात्रभर चालणारी घाऊक विक्री. मला वाटले, मी रिंग रोडवरच्या एखाद्या मार्केटात उभा आहे. बाजारालगत चॉन्ग्ग्येचॉन नावाचा ओढा वाहतो. त्यावरच्या एका पुलावर एका तरुणाचा कमरेपर्यंतचा कांस्य पुतळा आहे. ह्यॉन्गने त्याचे नाव सांगितले, चॉन थे-इल.

हा मुलगा १९४८ साली जन्मला. शाळा जेमतेम झालेली. तिथल्या ‘प्यॉन्ग्ह्वा’ बाजारात, म्हणजे शांती बाजारात, तो कपडे बेतण्याचे काम करी. माळ्यावरच्या कारखान्यांत छत इतके खाली की उभे राहता येत नसे. तेरा-चौदा वर्षांच्या मुली तिथे चौदा-चौदा तास शिवणकामाला जुंपलेल्या. हा बसच्या भाड्याचे पैसे मोडून त्या उपाशी मुलींना खाऊ घेई आणि मैलोन्‌मैल चालत घरी जाई. मग त्याला कळले की देशात १९५३ पासून कामगार कायदा आहे, आणि त्यात दिवसाचे आठ तास लिहिलेले आहेत. त्याने पुस्तक मिळवले. पण त्या काळी कायद्याची भाषा चिनी अक्षरांनी भरलेली असे. रात्र रात्र तो त्या ओळींशी झगडत बसे. कॉलेजात शिकणारा एक तरी मित्र आपल्याला असता तर, असे तो हळहळून म्हणे. अर्ज करून झाले, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून झाले. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, कायद्याचे पुस्तक जाळण्यासाठी मित्रांसह जमला असता, त्याने स्वतःलाच पेटवून घेतले. वय बावीस. त्याची आई ली सो-सन पुढे २०११ मध्ये मरेपर्यंत कामगारांसाठी झटली. जवळच २०१९ साली त्याचे स्मारक-भवन उघडले आहे, आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर त्याच्याच हस्ताक्षरातला अर्ज मोठा करून कोरला आहे.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. त्याला जो हवा होता तो कॉलेजातला मित्र म्हणजे मीच की, असा विचार मनातून जाईना. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावाला असा मित्र फार आधी मिळाला होता. नारायण मेघाजी लोखंडे हे लिहितेवाचते गृहस्थ, ‘दीनबंधू’चे संपादक. त्यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, कामगारांचे गाऱ्हाणे कागदावर मांडले, आणि १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळवली. हे मी सुरतेच्या मराठी शाळेत वाचले होते, आणि परीक्षेत गुण मिळवून विसरलो होतो.

घरी परतल्यावर वडिलांनी विचारले ते हे : “तिकडे मागावर पाळी किती तासांची?” त्यांनी थंडी विचारली नाही, पगारही विचारला नाही. मी त्यांना सांगितले की २०१८ च्या दुरुस्तीनंतर तिथल्या कायद्याने जादा कामासकट आठवड्याचे ५२ तास ठरवले आहेत. मग चॉन थे-इलची गोष्टही सांगितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे कायदा होताच. वाचणारा नव्हता.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “आपल्याकडे काय लिहिलंय रे?”

मी १९४८ चा कारखाना कायदा काढला. दिवसाचे नऊ तास, आठवड्याचे ४८, त्यावरच्या कामाला दुप्पट मजुरी. एकेक कलम मी अहिराणीत सांगत गेलो. वडिलांनी तीन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावले. पुढच्या रविवारी ते शेजारच्या दोघांना घेऊन आले. एकाच्या हातात भविष्यनिर्वाह निधीचा कागद होता. तो त्याने चार वर्षे जपून ठेवला होता, आणि त्यावर काय लिहिले आहे ते त्याला कोणी सांगितले नव्हते.

पाळी अजून बारा तासांचीच आहे. कागद मात्र आता दर रविवारी येतात, आणि मी वाचून दाखवतो.