उतारवयाची तजवीज व जमिनीचे कागद

आपली जमीन जिवंतपणींच मुलांच्या नांवें करून द्यावी, कीं शेवटपर्यंत आपल्या नांवावर ठेवावी, हा प्रश्न प्रत्येक वृद्ध खातेदारापुढें केव्हांना केव्हां उभा राहतो. मुलास पीककर्ज मिळावें, भावाभावांत पुढें तंटा होऊं नये, अशा सद्हेतूनें पुष्कळ वडील मंडळी बक्षीसपत्र करून मोकळी होतात. सन २०१५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें पति, पत्नी, मुलें, नातवंडें व मृत मुलाची पत्नी यांस शेतजमीन वा राहतें घर बक्षीस देतांना मुद्रांक शुल्क २०० रुपयांवर आणल्यामुळें हा मार्ग स्वस्तहि झाला आहे. परंतु ज्या कागदानें जमीन जाते, त्याच कागदांत आपल्या अन्नवस्त्राची व औषधपाण्याची सोय लिहिली आहे कीं नाहीं, इकडे फार थोड्यांचें लक्ष असतें. महसूल खात्यांत कारकुनी करितांना असे शेंकडों फेरफार प्रस्तुत लेखकाच्या हाताखालून गेले. त्यांत आईबापांच्या सांभाळाची अट घातलेले कागद क्वचितच आढळले.

प्रथम खर्चाचा विचार करूं. पिकाचा खर्च आपण एकरीं मांडतों. म्हातारपणाचा मात्र कोणी मांडीत नाहीं. समजा, एखादा गृहस्थ अर्धांगवायूनें अंथरुणास खिळला. औषधें, सेवेस ठेवलेल्या माणसाचा पगार व दवाखान्याच्या खेपा मिळून महिना १२,००० रुपये लागले, तर वर्षाचे १,४४,००० आणि पांच वर्षांचे ७,२०,००० रुपये होतात. सन २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांस आयुष्मान भारत योजनेखालीं कुटुंबामागें वर्षास ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळूं शकतात, हें खरें. परंतु ती योजना रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यासाठीं आहे. घरीं पडून असलेल्या माणसाची कूस बदलणें, त्यास न्हाऊं घालणें, रात्रीं उशाशीं बसणें, याचा खर्च तींत येत नाहीं. तो भार शेतानें व मुलांनींच वाहावयाचा असतो.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७’ हा सर्व धर्मांच्या लोकांस लागू आहे. आईबापांस कोणत्याहि वयांत, व निपुत्रिक माणसास वयाचीं ६० वर्षें पूर्ण झाल्यावर त्याची मिळकत ज्यास मिळाली वा मिळावयाची आहे अशा नातलगाकडून, या कायद्यान्वयें निर्वाहाची रक्कम मागतां येते. ही जबाबदारी मुलांप्रमाणेंच मुलींवर व सज्ञान नातवंडांवरहि आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांतसाहेब, यांच्या न्यायाधिकरणापुढें करावयाचा असतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असें कलम आहे. मात्र रकमेची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. वरच्या हिशेबाशीं ती ताडून पाहिली, तर हा आधार पुरा पडेलच असें नाहीं, हें ध्यानांत येईल. ज्यांस स्वतःचा निर्वाह करणें अशक्य आहे, अशा आईबापांस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालीं फौजदारी न्यायालयांतहि दाद मागतां येते, आणि तेथें रकमेस अशी मर्यादा नाहीं. परंतु दोहोंपैकीं एकच मार्ग धरावा लागतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें कलम २३ होय. साठी उलटलेल्या माणसानें, आपला सांभाळ करावा या अटीवर मिळकत दिली, आणि घेणाऱ्यानें ती अट पाळली नाहीं, तर तें हस्तांतरण कपटानें वा दडपणानें झालें असें मानून न्यायाधिकरणास तें रद्द ठरवितां येतें. सर्व भर ‘या अटीवर’ या शब्दांवर आहे. सन २०२२ मध्यें एका वृद्ध मातेच्या हक्कसोडपत्राच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें अट सिद्ध झाली नाहीं म्हणून तिच्या विरुद्ध निकाल दिला. सन २०२५ च्या जानेवारींत मध्यप्रदेशांतील दुसऱ्या एका मातेच्या प्रकरणीं त्याच न्यायालयानें बक्षीसपत्र रद्द करून मिळकतीचा ताबा तिला परत देवविला. कारण बक्षीसपत्राबरोबर मुलानें सांभाळाचें वचनपत्र लिहून दिलेलें होतें. एका ओळीच्या असण्यानसण्यानें केवढा फरक पडतो, हें यावरून दिसेल.

सबब खालील गोष्टी प्रत्येक खातेदारानें मनांत ठेवाव्या.

पहिली गोष्ट, घाई नसेल तर मृत्युपत्र हा सुरक्षित मार्ग आहे. तें दोन साक्षीदारांसमक्ष करावें लागतें. नोंदणी सक्तीची नाहीं, तरी केलेली बरी. मृत्यूपर्यंत जमीन आपल्याच नांवावर राहते व मत फिरल्यास मृत्युपत्र बदलतां येतें. हिंदु एकत्र कुटुंबांतील आपला अविभक्त हिस्सा इतर सहदायादांच्या संमतीशिवाय बक्षीस देतां येत नाहीं. मृत्युपत्रानें मात्र देतां येतो. वडिलोपार्जित मिळकतींत सन २००५ पासून मुलीहि सहदायाद आहेत, हें विसरूं नये.

दुसरी गोष्ट, बक्षीसपत्र करणेंच असेल, तर सर्व जमीन एकदम देऊं नये. थोडी तरी आपल्या नांवावर ठेवावी. सातबारावरून नांव गेलें कीं खातेदारपण गेलें, व त्याबरोबर सोसायटीचें पीककर्जहि. जी जमीन द्यावयाची तिचा ताबा व उत्पन्न हयातीपर्यंत आपणांकडे राहील, असें कागदांत लिहितां येतें. असें बक्षीसपत्र कायदेशीर असल्याचें सर्वोच्च न्यायालयानें सन २०१४ मध्यें स्पष्ट केलें आहे.

तिसरी गोष्ट, अट मोघम नसावी. ‘सांभाळ करावा’ एवढ्यानें भागत नाहीं. राहण्यास कोणती खोली, वर्षास किती पोतीं धान्य, दरमहा किती रोख, औषधोपचार व अंथरुणावर पडल्यास सेवेकरी यांचा खर्च कोणीं करावा, आणि अट मोडल्यास मिळकत परत यावी, हें सर्व स्पष्ट लिहावें. निर्वाहाच्या रकमेचा बोजा त्या जमिनीवर ठेवून त्याची नोंद सातबाराच्या ‘इतर अधिकार’ या सदरांत करून घ्यावी. म्हणजे पुढें जमीन विकली तरी घेणाऱ्यास ‘मला ठाऊक नव्हतें’ असें म्हणतां येणार नाहीं.

चौथी गोष्ट घरांतील मातांविषयीं. नवऱ्यामागें वारसनोंद होते, आणि लगोलग विधवा आईकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. तिचा हिस्सा हाच तिच्या म्हातारपणाचा विमा असतो. तो सोडावयाचा झाल्यास वरील अटी व बोजा प्रथम लिहून घ्यावा, व कागद तिच्या विश्वासाच्या माणसानें तिला वाचून दाखवावा.

पांचवी गोष्ट, मुखत्यारपत्रावर सर्वस्वीं विसंबूं नये. लिहून देणाऱ्याची बुद्धि भ्रमिष्ट झाल्यास मुखत्यारपत्र निरुपयोगी होतें. म्हणजे ऐन गरजेच्या वेळींच तें उपयोगी पडत नाहीं. औषधपाण्यासाठीं वेगळी ठेव ठेवून तें खातें पतिपत्नींच्या जोडनांवें, दोघांपैकीं कोणीहि पैसे काढूं शकेल अशा रीतीनें उघडावें.

असा कागद करण्यांत मुलांवर अविश्वास दाखविल्यासारखें होतें, असें कित्येकांस वाटतें. परंतु आपण सख्ख्या भावाशीं वाटणी करितांनाहि बांध घालतों. तो भांडणासाठीं नव्हे, भांडण होऊं नये म्हणून. जो मुलगा मनापासून सांभाळणार आहे, त्यास या अटीचा जाच वाटण्याचें कारण नाहीं. पुढें सुनेचे, नातवांचे दिवस येतात, मुलगाच अकाळीं गेला तर जमीन दुसऱ्यांच्या हातीं जाते. त्या वेळीं म्हाताऱ्या जिवास कागदावरील त्या चार ओळींवांचून दुसरा आसरा राहत नाहीं. म्हणून हातपाय धड व बुद्धि शाबूत आहे तोंच, सर्व मुलामुलींस एकत्र बसवून ही तजवीज करावी.