धुपणी, पॅप आणि पिशवी

वऱ्हाडात अंगावरून पांढरं जाण्याला ‘धुपणी’ म्हणतात. हा शब्द शेजारणीच्या कानात सांगितला जातो, फार तर आशाताईच्या. मग मेडिकलमधून गोळ्या येतात, आठ दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू.

हे दुखणं किती जणी अंगावर काढतात, ते विदर्भातल्याच बायकांमुळे जगाला कळलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायका तपासल्या. जानेवारी १९८९च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

मुळात धुपणी हा एकच आजार नाही. दह्याच्या कवडीसारखा स्राव आणि खाज असेल तर बहुधा बुरशी, मासळीसारखा वास असेल तर जंतूंचा बिघडलेला तोल, फेसाळ पिवळट-हिरवं जात असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी. प्रत्येकाचं औषध निराळं. बुरशी वारंवार होत असेल, तर रक्तातली साखर बघावी लागते. ट्रायकोमोनास असेल तर नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, आणि तो म्हणतो, “मले काय झालं?” घोडं इथंच पेंड खातं.

अशात कधी गर्भाशयमुखाच्या पेशींची पॅप तपासणी होते आणि कागदावर ‘इन्फ्लमेटरी’ लिहून येतं. घरात रडारड! खरं तर त्याचा अर्थ एवढाच, की पेशींना सूज आहे. ‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशी जरा वेगळ्या दिसल्या, पण नक्की सांगता येत नाही. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल, ते बरेचदा आपोआप ओसरतात. ‘एचएसआयएल’ म्हणजे जास्त तीव्र बदल, तो मात्र कपाटात ठेवून द्यायचा कागद नव्हे. पण तोही कॅन्सरचा दाखला नाही. या बदलांमागे असतो एचपीव्ही विषाणू. तो बहुतेकींच्या शरीरातून दोनेक वर्षांत निघून जातो. टिकून राहिला तरी कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात.

गरज पडली तर पुढची पायरी कॉल्पोस्कोपी. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावतात. मिनिटभरात संशयाची जागा पांढरी पडते. तिथला कणभर तुकडा तपासायला जातो. दोष निघाला, तर बहुतेक वेळा तेवढाच भाग काढला किंवा जाळला की भागतं.

पण भीतीपोटी अख्खी पिशवीच काढायची घाई होते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या गर्भपिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, तो उगाच नव्हे.

तपासणीनं काय साधतं, त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं टाटा मेमोरियलबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी मिळाली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

अमरावतीचं डफरीन आणि अकोल्याचं लेडी हार्डिंग लोकांना बाळंतपणासाठी ठाऊक आहेत, पण ती स्त्री रुग्णालयं आहेत, ही दुखणीही तिथं दाखवता येतात. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर थांबू नका. तिशी ओलांडली असेल, तर त्रास नसतानाही तपासून घ्या. जाताना जुना रिपोर्ट पिशवीत टाका आणि पुढची तारीख त्याच कागदावर लिहून घ्या.