दिवस गेले म्हणून गोळ्या बंद?

मी डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारा कलाशाखेचा पदवीधर आहे. तथापि आमच्या कोळगावात नात्यातल्या एका सुनेच्या आजारपणात जे पाहिले व पुढे डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजले, ते समाजबंधू-भगिनींपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

या सुनेला शौचावाटे रक्त व आव पडे. दोन वर्षे मूळव्याध समजून घरगुती उपाय झाले. अखेर लोकलने मुंबई गाठली, दुर्बिणीतून तपासणी झाली आणि 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' हे नाव कळले. यात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होतात. याचाच भाऊबंद 'क्रोन्स' हा आजार. तो आतड्याच्या क्षयाशी इतका मिळताजुळता असतो की निदान करताना भल्याभल्यांची गफलत होते. दोन्ही आजार पुष्कळदा ऐन तरुणपणी, म्हणजे लग्नाच्या व बाळंतपणाच्या वयात सुरू होतात. ते समूळ जात नाहीत, पण औषधाने शांत राहतात.

सुनेला मेसालामाइनच्या गोळ्यांनी आराम पडला. पुढे दिवस गेले आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांनी फर्मावले, "गोळ्या उष्ण पडतील, बंद कर." तिने बंद केल्या. चौथ्या महिन्यात रक्त पुन्हा सुरू झाले, अशक्तपणा आला आणि मूल दिवस भरण्याआधीच, कमी वजनाचे जन्मले. मायलेकरे आज सुखरूप आहेत. बायकांचा हेतू वाईट नव्हता. परंतु अशा रोग्यांत गर्भाला बहुतेक गोळ्यांपेक्षा भडकलेल्या आजाराचाच धोका अधिक असतो, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. निदान ३ ते ६ महिने आजार शांत राहिल्यावरच मुलाचा विचार करावा, असे तज्ज्ञ सांगतात.

मेसालामाइन गरोदरपणात चालू ठेवता येते. सल्फासॅलाझिनही चालते, मात्र ते अन्नातील फॉलिक अॅसिड अंगी लागू देत नाही, म्हणून सोबत त्याची गोळी जास्त मात्रेत, साधारणतः रोज २ मिलिग्रॅम, देतात. या फॉलिक अॅसिडचा मुंबईशी जुना संबंध आहे. १९२८ साली मुंबईत आलेल्या लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाईंनी गिरणी कामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ साली दाखवले. त्या अर्कातले द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक अॅसिड. सल्फासॅलाझिनबद्दल आणखी एक गोष्ट. पुरुष ते घेत असेल तर शुक्रजंतू घटतात व औषध बदलल्यावर काही महिन्यांत पूर्ववत होतात. मूल होत नाही म्हणून सुनेलाच बोल लावणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

अॅझाथायोप्रिन आधीपासून चालू असल्यास बहुधा चालूच ठेवतात.

याउलट मेथोट्रेक्सेट पूर्णतः वर्ज्य आहे. त्याने गर्भपात होतो किंवा मूल व्यंग घेऊन जन्मते. ते दिवस जाण्याच्या किमान ३ महिने आधी बंद करावे लागते. म्हणून मुलाचा विचार डॉक्टरांच्या कानावर आधीच घालावा. दिवस गेल्यावर सांगणे उशिराचे ठरते. टोफासिटिनिबही टाळतात. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही नकोत. त्यांनी आतड्याचा आजारही उसळू शकतो.

काहींना इन्फ्लिक्सिमॅब किंवा अॅडालिमुमॅबची इंजेक्शने असतात. तीही सहसा चालू ठेवतात, परंतु शेवटच्या महिन्यांत ती वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात व जन्मानंतर काही महिने तेथे राहतात. अशा बाळाला जिवंत जंतूंची लस धोक्याची. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या आईच्या बाळाचा बीसीजीनंतर मृत्यू झाल्याची नोंद २०१० साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे तर बीसीजी व पोलिओचे थेंब जन्मल्याबरोबर, आणि रोटाव्हायरसचे थेंब सहाव्या आठवड्यात देतात. या बाळांसाठी अशा लसी ६ ते १२ महिने पुढे ढकलायच्या की कसे, हे डॉक्टर ठरवतात. बाकीच्या लसी वेळेवरच द्यायच्या. रात्री-अपरात्री बाळंतीण दाखल झाली तर ड्यूटीवरच्या नर्सला हे कळणार कसे? तेव्हा इंजेक्शनचे नाव व शेवटची तारीख माता-बाल कार्डाच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून घ्यावी आणि सोबत जाणाऱ्या माणसालाही तोंडी सांगून ठेवावी.