हा खड्डा कोणत्या शहराचा?

शीळफाट्याच्या सिग्नलला अर्धा तास अडकलेल्या माणसाला कुणी सांगितलं, की बाबा रे, तू एका आश्चर्यावर उभा आहेस, तर तो काय म्हणेल ते छापता येणार नाही. तरी मी सांगतोच.

समोर पारसिकचा डोंगर दिसतो ना, त्याच्या पोटातून बोगदा आरपार गेलाय. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन वांद्रे-कुर्ला संकुलातून निघाली की जमिनीखालून धावणार, ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटर पार करणार आणि एकूण २१ किलोमीटरचा अंधार संपवून उजेडात डोकं वर काढणार ते थेट इथे, शीळफाट्याला. वाटेत पारसिकपाशी तिच्या डोक्यावर ११४ मीटर डोंगर असेल. अडतीस मजली इमारत उभीच्या उभी पुरावी, इतका! घणसोली ते शीळफाटा हा ४.८८ किलोमीटरचा तुकडा सुरुंग लावत, खडकावर काँक्रीट फवारत खोदला. सप्टेंबर २०२५ मध्ये मधला शेवटचा पडदा उडाला आणि इकडची पोकळी तिकडच्या पोकळीला बरोब्बर जाऊन मिळाली. आंधळ्या डोंगरात!

आता नजर खाली आणा. तुमच्या पुढच्या चाकासमोर जो खड्डा आहे, तो कुणाचा?

डोंगराच्या पोटातलं सगळं मीटरवर मोजलेलं आहे. पण या खड्ड्याचा मालक सांगायला भलेभले गडबडतात. शीळ गाव ठाणे महापालिकेत. कल्याणच्या दिशेने डायघर, खिडकाळी ओलांडून काटईकडे गेलात की कल्याण-डोंबिवली महापालिका. महापेच्या बाजूला डोंगर उतरलात की नवी मुंबई. रस्ता मात्र पालिकेच्या हद्दीत असला म्हणजे पालिकेचाच असतो असं नाही. कल्याण-शीळ रस्त्याचं रुंदीकरण रस्ते विकास महामंडळाने केलं. जवळपासच्या पुलांच्या कामात ‘एमएमआरडीए’ आहे. कित्येक गावांना पाणी ‘एमआयडीसी’चं, डोंगरउतारावर वनखातं. एका चौकात उभं राहून एवढी सरकारं दिसणारी जागा तुम्हाला दुसरी माहीत आहे?

खरं तर खड्डा कुणाचा, याचं उत्तर नावातच आहे. फाटा म्हणजे जिथून वाट फुटते ती जागा. गावाला वेस असते, पार असतो, देऊळ असतं. फाट्याला यातलं काही नसतं, कारण तिथे राहायला कुणी येतच नाही. एसटीतून उतरायचं आणि पुढच्या गाडीची वाट बघायची. मुंब्रा, महापे, पनवेल, कल्याण अशा चारी दिशांना माणसं आणि माल वाटून देणं हे त्याचं काम. जेएनपीटी बंदराकडून भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर याच तिठ्यांवरून वळतात. गंमत अशी, की गेल्या काही वर्षांत या निघून जायच्या जागेभोवती माणसं राहायला आली. थोडीथोडकी नाही, शहरंच्या शहरं. आणि राहायला आलेल्या माणसाला चार महिन्यांनी एक प्रश्न पडतोच: संध्याकाळी बसायचं कुठे?

त्याआधी एक चमत्कार बघून घ्या, म्हणजे इथल्या लोकांचा वैताग कळेल. गाव एक इंचही न हलता शहर बदलू शकतं का?

कल्याण-डोंबिवली महापालिका स्थापन झाली १९८३ मध्ये. आजूबाजूची २७ गावं तिच्यात गेली. सुविधा मिळत नाहीत, कर मात्र लागतो, या तक्रारीवरून तापत तापत २००२ मध्ये ती बाहेर पडली. २०१५ च्या जूनमध्ये पुन्हा आत. २०२० मध्ये त्यातली १८ पुन्हा बाहेर, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णयच रद्द केला, म्हणजे परत आत! आजोबा, बाप आणि नातू एकाच घरात, एकाच चिंचेखाली जन्मले, तरी तिघांच्या दाखल्यांवरची कचेरी वेगवेगळी असू शकते. या गावांची मागणी ‘आमची स्वतंत्र नगरपालिका द्या’ अशी आहे.

आता फाट्याच्या दुसऱ्या बाजूला वळा. दहिसर, पिंपरी, उत्तरशिव, भंडार्ली, गोठेघर ही आणि अशी १४ गावं नवी मुंबई महापालिकेत होती. लोकांनीच आंदोलन करून २००७ मध्ये ती बाहेर काढून घेतली. पुढे काय झालं असेल? रस्ते, पाणी, कचरा यांचे हाल बघून तिथूनच मागणी उठली, की आम्हाला पुन्हा आत घ्या. २०२४ मध्ये घेतलंही. कुणी म्हणेल, लोकांना नक्की हवंय तरी काय! मला यात चंचलपणा दिसत नाही. पायातला काटा ज्या बाजूने टोचतो, त्या बाजूने माणूस पाय उचलतो, इतकंच.

तर, बसायचं कुठे? यामागचं गणित फार मजेशीर आहे. केंद्र सरकारची शहरनियोजनाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. दहा चौरस मीटर म्हणजे किती? चाळीतली एक खोली, दहा बाय दहाहून जराशी मोठी. प्रत्येकाच्या नावावर घराबाहेर, आकाशाखाली, अशी एक बिनभिंतींची खोली! २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीत साडेबारा लाखांच्या घरात माणसं होती. त्यांच्या सगळ्या खोल्या एकाला एक जोडल्या तर साडेबारा चौरस किलोमीटर मैदान होईल. तुम्ही डोंबिवलीत राहत असाल तर आता मोठ्याने हसून घ्या.

मग ही जागा गेली कुठे? चोरांनी नेली? तसं काही ठिकाणी झालंही असेल. पण एक वाट अगदी कायदेशीर आहे आणि ती कळली तेव्हा मी डोक्याला हात लावला. मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू असलेली २०२० ची विकास नियंत्रण नियमावली म्हणते, की भूखंड ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठा असेल तर दहा टक्के जागा मोकळी सोडा. ०.४ हेक्टर म्हणजे एक एकराला थोडी कमी. आता समजा एकाच्या अर्ध्या एकरावर इमारत उठली, शेजारी दुसऱ्याच्या अर्ध्या एकरावर दुसरी, पलीकडे तिसरी. अशा शंभर झाल्या. प्रत्येकाने नियम पाळला, एकानेही लबाडी केली नाही, आणि पन्नास एकरांच्या वस्तीत या दहा टक्क्यांतून पोराला चेंडू टाकायला वावभर जागा निघाली नाही! सोसायटीच्या पंगतीत प्रत्येकाने एकेक वाटी दूध आणायचं ठरावं, आणि ज्याची वाटी लहान त्याला माफी मिळावी, असा प्रकार. सगळ्यांच्याच वाट्या लहान निघाल्या तर खीर कशी होणार? मोठ्या टाउनशिपमध्ये बागा असतात, छानही असतात. फक्त फाटकाच्या आत असतात.

हे झालं नियम पाळणाऱ्यांचं. नकाशाच नसेल तर काय होतं, हे शीळफाट्याने ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी पाहिलं. घाईघाईने चढवलेली एक अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. पारसिकचा डोंगर जिथे आज इतक्या हिशेबाने कोरला गेला, त्याच डोंगराच्या सावलीत.

वस्तीला जी मोकळी जागा लागते, तीही आधी कागदावर जन्मते. शहराच्या विकास आराखड्याचा, म्हणजे ‘डीपी’चा, नकाशा कधी पाहिलाय? पिवळा रंग राहायचा, जांभळा उद्योगांचा, हिरवा मोकळा श्वास घ्यायचा. मध्येच एखाद्या शेताभोवती रेघ मारलेली असते आणि आत आकडा: आरक्षण क्रमांक अमुक, खेळाचं मैदान. तिथे आज भात उभा असेल, भंगाराचं दुकान असेल. कागदावर मात्र ते मैदान झालेलं असतं.

आणि इथे येतं माझं सगळ्यांत आवडतं आश्चर्य. हा नकाशा पक्का होण्याआधी पालिकेला तो लोकांपुढे ठेवावाच लागतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने तशी सक्ती केली आहे. मुदत साधारण तीस दिवसांची. तेवढ्यात हरकत किंवा सूचना लेखी द्यायची. द्यायची कुणी? कायद्याचे शब्द अफाट आहेत: कोणतीही व्यक्ती. सातबारा नको, घरपट्टीची पावती नको, मतदार यादीत नाव नको. भाड्याने राहणारा, रिक्षा चालवणारा, काल गावाहून आलेला, कुणीही साध्या कागदावर लिहू शकतो, की साहेब, तुमची हिरवी रेघ चुकली आहे. मग नियोजन समिती बसते, त्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जाणकार. त्यांना त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. मानलंच पाहिजे असं नाही. पण ऐकलंच पाहिजे!

कागदाने काय होतं, असं वाटतंय? मुंबईच्या प्रस्तावित आराखड्यावर २०१५ मध्ये हरकतींचा एवढा पाऊस पडला, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायचा आदेश दिला. हजारो साधे कागद, आणि देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा नकाशा परत फळ्यावर.

एक धोका मात्र ऐकून ठेवा. कागदावरचं मैदान झोपेतच मरू शकतं. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर जमीनमालक कलम १२७ ची नोटीस देतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत पालिका हलली नाही, की आरक्षण संपलं. आवाज होत नाही, धूळ उडत नाही. तुमच्या मुलाचं वय दहावरून बावीस होतं, आणि त्याला कधीच न मिळालेलं मैदान हरवतं.

लोकांना आधी विचारा मग रेघ मारा, हे आपल्याकडे ठासून सांगणारा माणूस मुळात झाडापानांचा अभ्यासक होता. पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचा. जन्म १८५४ चा, म्हणजे ठाण्याहून आगगाडी पहिल्यांदा कल्याणला पोचली त्याच वर्षीचा. डोळ्यांच्या आजाराने सूक्ष्मदर्शक सुटला आणि हा गृहस्थ शहरं बघत पायी हिंडू लागला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. आपले मालवणचे गो. स. घुर्ये पुढे इंग्लंडला शिकायला गेले ते त्याच्याच पाठिंब्याने.

त्याआधी होळकरांच्या इंदुरात तो गेला, तेव्हा तिथे प्लेगचं सावट होतं. घरं साफ करा म्हणून दवंडी पिटून कोण ऐकतंय? गेडिसने एक दिवसासाठी महाराज व्हायची परवानगी मागितली. मिळालीही! मग जाहीर केलं, की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या आळीतली घरं सर्वांत स्वच्छ, मिरवणूक त्या आळीतून. झालं. गल्लोगल्ली केरसुण्या आणि चुन्याच्या बादल्या बाहेर पडल्या. मिरवणुकीत झाडूवाले फुलांच्या माळा घालून मानाने चालले, आणि शेवटी रावणाऐवजी घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर जाळला गेला. नुसता मार्ग बदलून शहर उजळून काढणारा नियोजनकार! आपल्याकडच्या किती पुलांच्या निविदांमध्ये एवढी अक्कल असेल?

यात मला डोंबिवली दिसते. शीळफाट्यावरून कल्याणचा रस्ता धरून आत वळलात की पोचताच. तिथला फडके रोड हा एरवी रिक्षा, स्कूटर आणि फेरीवाल्यांनी भरलेला साधा बाजाररस्ता. पण दिवाळीच्या पहाटे तिथे गेलात तर डोळे चोळाल. गणेश मंदिरापासून दूरवर नव्या कपड्यांतली तरुण पोरं, माजी शाळकरी मित्र, पैठण्या, कुर्ते, ‘अरे तू इथे कुठे’चा गलका. वाहनं बंद. ना तिकीट, ना खुर्च्या. गुढीपाडव्याची स्वागतयात्राही याच गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केली आणि बघता बघता ती गावोगाव पोचली. ज्या शहराला चौक मिळाला नाही, त्याने काही तासांपुरता रस्त्याचाच चौक केला. कुठल्याही डीपीत हे आरक्षण सापडणार नाही.

शीळफाट्याचा फडके रोड अजून व्हायचाय. खिडकाळीच्या जुन्या शिवमंदिरापाशी, तळ्याच्या काठावर संध्याकाळी बसलेली माणसं बघितली की वाटतं, सुरुवात अशीच कुठेतरी होत असणार.

आणि ती बुलेट ट्रेन. एकवीस किलोमीटरच्या काळोखानंतर प्रवाशांना उजेडाचं पहिलं दर्शन होणार ते या फाट्यापाशी. पुढे म्हातार्डीला ठाण्याचं स्थानक असल्यामुळे बऱ्याच गाड्या इथे वेग कमी करतील. पण न थांबणारी एखादी तासाला ३२० किलोमीटरने सुटली, तर शंभर मीटर लांबीचं मैदान तिच्या खिडकीत सेकंदाहून जेमतेम जास्त राहील. बॅट उगारलेला एक पोरगा दिसायला तेवढा वेळ पुरतो.