आधी काळी तार बघा

डिसेंबरातली इंग्लंडमधली सकाळ. जुन्या एमजीबीत बसून चावी फिरवली, हीटरच्या पंख्याची कळ दाबली, आणि ढिम्म! काचेला आतून वाफ धरते. मग एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात फडकं. घरी पोचेपर्यंत मालकाचा निकाल ठरलेला असतो : मोटर गेली, नवी मागवा. माझ्या मते हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या. मुख्य अभियंता सिड एनेव्हर. गाडी दोन माणसांची, उघड्या टपाची, आणि बाजारात आली तेव्हा हीटर हवा असेल तर वेगळे पैसे मोजायचे! इंग्लंडच्या थंडीत हे जरा अजबच. पण हीटरकडे पाहण्याची दृष्टी त्यातून कळते : तो घरचा नव्हे, पाहुणा.

पाहुण्याला जागा मात्र पक्की दिली. बॉनेट उघडलं की काचेच्या पायथ्याशी, इंजिनाच्या मागच्या पत्र्यात हीटरची पेटी बसवलेली दिसते. तिच्यात गरम पाण्याचं छोटं रेडिएटर असतं आणि बाहेरच्या अंगाला मोटर. पेटी काढायची तर पाणी उपसा, आत डॅशबोर्डखाली वाकून काचेकडे जाणारे पाइप आणि केबली सोडवा, मग जुन्या फोमला चिकटलेली पेटी ओढत बसा. आधी हीटर ठेवला आणि गाडी त्याच्याभोवती बांधली, अशी थट्टा मालक करतात ती उगाच नाही. सुदैवाने मोटरसाठी एवढं सगळं करावं लागत नाही. ती तीन स्क्रूंवर आहे, आणि इंजिनाच्या बाजूने हात घालून निघते.

पण स्क्रू-ड्रायव्हर जरा बाजूला ठेवा. या गाडीत हिरवी तार म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, फ्यूजमधून आलेली वीज; काळी तार म्हणजे अर्थ. पंख्याच्या फ्यूजवर वायपर आणि ब्रेकचे दिवेही आहेत. पंख्याबरोबर तेही बंद असतील तर मोटरचा काही दोष नाही. फ्यूज किंवा त्याच्या गंजलेल्या चिमट्या बघा. इथे एक सापळा आहे. जुन्या ब्रिटिश फ्यूजवर लिहिलेले ३५ अँपिअर म्हणजे तो उडण्याचा आकडा. सतत पेलायची मर्यादा १७. आजच्या पद्धतीचा ३५चा फ्यूज तिथे बसवला तर तो सतत ३५ पेलेल आणि तार त्याच्याआधी जळेल.

पुढचा सापळा मल्टिमीटरचा. मोटरची तार सोडून मीटर लावला की तो बारा व्होल्ट दाखवतो आणि आपण मोटरला दोषी ठरवतो. पण मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही. कळीतल्या काजळलेल्या टोकांमधून, गंजलेल्या जोडांमधूनही तो बारा वाचू शकतो; मोटर चालवण्याइतका करंट मात्र तिथून जात नाही. म्हणून तारा जोडलेल्या ठेवा, कळ चालू ठेवा आणि मग मोजा. मोटरच्या दोन तारांमध्ये नऊच व्होल्ट आले तर तीन वाटेत गळतायत. आता मीटरचं एक टोक मोटरच्या काळ्या तारेला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थ टोकाला. काटा जवळपास शून्यावर हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थ घासून साफ करा. माझी पहिली शंका नेहमी याच तारेवर असते.

एवढं करूनही पंखा हलला नाही तर मोटर काढा. हाताने फिरवून पाहा. कधी पंख्यात वाळकी पानंच अडकलेली निघतात. दांडा जड फिरत असेल तर बुश कोरडे पडलेत; पातळ मशीन ऑइलचे दोन थेंब पुरतात. गंज सोडवणारा स्प्रे मारू नका, तो उडून जातो आणि बुश पुन्हा कोरडे. कार्बन ब्रश झिजलेत का पाहा. कॉम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक काचकागदाने पुसा, एमरीने नको. तिची वीजवाहक भुकटी पट्ट्यांमधल्या खाचांत बसते. त्या खाचा लाकडी काडीने कोरून घ्या. हे काम अर्ध्या दुपारचं, आणि करायला मजा येते.

१९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक अर्थला होतं. नंतर कुणी गाडी ऋण अर्थवर बदलली असेल आणि मोटर कायम चुंबकाची असेल, तर पंखा उलटा फिरून हवा नीट देत नाही. अशा वेळी मोटरच्या दोन तारा अदलाबदल करायच्या, बस.

मोटर परत बसवताना काचेपुढच्या जाळीखाली साचलेला पालापाचोळा काढा आणि तिथली पाणी जायची नळी मोकळी करा. ती तुंबली की पावसाचं पाणी पायांपाशी येतं.

आणि पंखा जोरात फिरतोय, तरी हवा गारच येतेय? मग मोटरला हात लावू नका. सिलिंडर हेडवरचा गरम पाण्याचा नळ अडकलाय का, ते आधी बघा.